तबकडीवरचे डाग जपा

मराठी घरात जुनं मनगटी घड्याळ सापडतं ते कपाटाच्या खणात, आणि बहुतेक वेळा त्यावर एचएमटीचं नाव असतं. पहिल्या पगारातून घेतलेलं, लग्नात जावयाला दिलेलं, नाहीतर दहावी झाल्यावर मामाने भाच्याच्या हातात बांधलेलं. पट्टा वाळून कडक झालेला, काचेवर ओरखडे, पांढरी तबकडी कडेने पिवळी पडलेली. तरीही थोडी चावी दिली की अनेकदा ते टिकटिकू लागतं. या घड्याळाचं नेमकं मोल कशात आहे, हे बहुतेक घरांत कुणी शोधत नाही. मग एक तर ते भंगारवाल्याच्या पिशवीत जातं किंवा ‘नवं करून’ घेतलं जातं. मला विचाराल तर दुसरा प्रकार जास्त वाईट.

आधी ते घड्याळ आलं कुठून ते पाहू. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी 1953 साली स्थापन झाली. तिचं मूळ काम कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवण्याचं. जपानच्या ‘सिटिझन’शी तांत्रिक करार करून तिने 1961 मध्ये बंगळुरूला घड्याळांचा कारखाना उभारला, आणि तिथली पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते देशापुढे आली. त्याआधी आपल्या मनगटावर घड्याळ म्हणजे परदेशी माल होता. फावर-ल्यूबा, वेस्ट एंड ही स्विस नावं मुंबईत चांगली रुजलेली होती. ‘वेस्ट एंड’ची घड्याळं तर पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांच्या हातावर होती. पण कारकून, मास्तर, एसटीचा कंडक्टर यांच्या हातावर घड्याळ चढवलं ते एचएमटीने. बंगळुरूपाठोपाठ तुमकुर, श्रीनगर आणि कुमाऊंतलं राणीबाग इथेही कारखाने निघाले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘कोहिनूर’, ‘कांचन’ ही नावं घरोघर गेली. लग्नसराईत ‘कांचन’ मिळवण्यासाठी लोक ओळखी काढत आणि छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजत.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय ‘जनता’. साधी तबकडी, सरळ आकडे, तीन काटे. तारीख नाही, वार नाही. पण मागचं झाकण काढून डोळ्याला भिंग लावून पाहिलं की या साधेपणामागचं काम दिसतं. चावी दिली की डबीत गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग ताणली जाते आणि दिवसभराहून जास्त वेळ सावकाश सुटत राहते. ती एकदम सुटू नये म्हणून दातेरी चाकांच्या टोकाला एक अडवणारा भाग असतो, आणि त्याची लय सांभाळतं ते केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं तोल-चाक. तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला 5. दिवसाचे झाले 4,32,000. बॅटरी नाही, विजेची तार नाही; सकाळी उठून माणसाने बोटांनी दिलेल्या चावीवर हे सगळं चालतं. तबकडीवरचे ‘17 ज्युएल्स’ हे शब्द वाचून आत मौल्यवान खडे असल्याची आशा धरू नये. ती कृत्रिम माणकं असतात आणि त्यांना रत्न म्हणून काहीच भाव नाही. चाकांचे आस घासून झिजू नयेत म्हणून ती बसवलेली असतात. पन्नास वर्षांनीही घड्याळ चालतं, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचा जमाना आला तेव्हा ही चावी मागे पडली. टाटांचं ‘टायटन’ 1987 मध्ये बाजारात उतरलं. पातळ, देखणं, रोज चावी देण्याची कटकट नसलेलं. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळं काढली, पण दुकानाची मांडणी, जाहिरात आणि बदलती आवड या तिन्हींत ती मागे राहिली. तोटा साचत गेला आणि जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. तुमकुरच्या कारखान्याची जागा पुढे इस्रोकडे गेली.

नेमकं इथूनच या घड्याळांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. कारखाना बंद होणार म्हटल्यावर शिल्लक मालावर लोकांची झुंबड उडाली, आणि देशातले-परदेशातले संग्राहक जुनी एचएमटी शोधू लागले. कारण सरळ आहे. आतलं यंत्र स्वतःच्या कारखान्यात घडवणाऱ्या कंपनीचं चावीचं घड्याळ आज नवं घ्यायचं तर सहसा खिसा बराच मोकळा करावा लागतो. जुनं ‘जनता’ किंवा काळ्या तबकडीचं ‘पायलट’ तेच सुख थोडक्यात देतं.

पण संग्राहकाला हवं असतं ते अस्सल घड्याळ, आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात ‘मुंबई स्पेशल’ नावाचा एक प्रकार कुप्रसिद्ध आहे. यंत्र जुनं, कदाचित खरंही. पण तबकडी खरवडून लाल, नारिंगी, निळ्या रंगात नव्याने रंगवलेली, काटे भलत्याच घड्याळाचे, आणि अक्षरं वेडीवाकडी छापलेली. ती बनवणाऱ्या कारागिरांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. बंद पडलेलं घड्याळ चार पैशांत पुन्हा चालतं करणं ही मोठी विद्या आहे. पण जुनं अस्सल म्हणून ते विकणं ही फसवणूक आहे. आणि घरच्या घड्याळावर आपण हौसेने हेच करून घेतो तेव्हा त्याचं मोल आपल्याच पैशाने पुसून टाकतो.

मोल ठरतं कसं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 1960 च्या दशकात रोलेक्सने आपल्या ‘डेटोना’ची काही घड्याळं वेगळ्याच तबकडीची काढली. आतल्या छोट्या वर्तुळांत चौकोनी खुणा, रंगांचा ठळक विरोध. गिऱ्हाइकांना ती रुचली नाहीत, दुकानांत पडून राहिली, म्हणून थोडीच विकली गेली. त्यातलं एक अभिनेत्री जोअॅन वुडवर्डने नवऱ्यासाठी, म्हणजे अभिनेता पॉल न्यूमनसाठी घेतलं आणि मागच्या बाजूला गाडी सांभाळून चालवण्याची विनवणी कोरून घेतली. न्यूमनला मोटारशर्यतींचं वेड होतं. 1984 मध्ये त्याने ते सहज आपल्या मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात त्या घड्याळाला 1 कोटी 77 लाख 52 हजार 500 डॉलर आले. तेही चावीचंच घड्याळ होतं. नावडती म्हणून दुर्मीळ झालेली तबकडी, झाकणावरची ती ओळ आणि कुणाचं होतं याची पक्की साखळी, या तीन गोष्टींनी ती किंमत आली. तबकडी रंगवून आणि झाकण घासून चकचकीत केलं असतं, तर यातल्या दोन गोष्टी जागीच संपल्या असत्या.

आपल्या ‘जनता’ला कोट्यवधी येणार नाहीत, लाखही नाहीत. ते फार मोठ्या संख्येने बनलं. पण पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल झाकणावर कोरून मिळालेलं नाव, कंपनीचं चिन्ह छापलेली तबकडी, मूळ डबी, खरेदीची पावती असं काही सोबत असेल, तर संग्राहक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. झाकणाच्या आतल्या बाजूला पूर्वीच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी टोकदार हत्याराने ओरखडलेल्या बारीक खुणा असतात, तारखा असतात. त्याही पुसू देऊ नयेत. आपल्या घरातलं घड्याळ किती हातांतून गेलं, याची ती एकमेव नोंद असते.

म्हणून दुरुस्तीला देताना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आतली साफसफाई आणि तेल जरूर करून घ्यावं, कारण सुकलेल्या तेलावर चालवलं तर आस झिजतात. काच प्लॅस्टिकची असेल तर ओरखडे घासून निघतात, ती बदलण्याची घाई नको. बाहेरच्या धातूच्या केसला पॉलिश नको. तबकडी आणि काटे यांना हातही लावू नये. बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत मागावा. आणि फार जुन्या स्विस घड्याळाचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर ते घरी उघडू किंवा खरवडू नये. त्या काळी त्यात रेडियम वापरत आणि त्याची धूळ अंगात जाणं धोक्याचं असतं.

घरात असं घड्याळ असेल तर ते कुणी, कधी, कशासाठी घेतलं हे सांगणारं माणूस हयात असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद घड्याळाच्या डबीतच ठेवा.