कामाचा हक्क, भाग ९ : तोच अर्ज, दुसरी जन्मतारीख

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका बाईंनी ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज केला. वय पंचावन्नच्या पुढे. नोकरी आयट्यूटरग्रुप या कंपनीची. चीनमधल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या शिक्षकांनी आपापल्या घरून शिकवायचं, असं काम. अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा अर्ज भरला. बाकी सगळी माहिती तीच ठेवली आणि जन्मतारीख तेवढी अलीकडची टाकली. या वेळी मुलाखतीचं बोलावणं आलं.

प्रकरण तिथल्या समान रोजगार संधी आयोगाकडे गेलं आणि २०२२ मध्ये आयोगानं कंपनीवर दावा लावला. आयोगाचं म्हणणं असं, की पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाच्या स्त्रिया आणि साठ किंवा त्याहून जास्त वयाचे पुरुष आपोआप बाद होतील अशी व्यवस्थाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवली होती आणि दोनशेहून अधिक पात्र अर्जदार त्यात गळाले. कंपनीनं आरोप नाकारले, पण ऑगस्ट २०२३ मध्ये ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड केली.

मला या प्रकरणात रकमेपेक्षा त्या बाकीच्या माणसांचा विचार जास्त छळतो. त्यांनी एकदाच अर्ज केला, नकार वाचला आणि पुढे गेले. आपलं शिकवणं कमी पडलं असेल, अर्ज नीट लिहिला नसेल, आपल्यापेक्षा चांगलं कुणी मिळालं असेल, अशी स्वतःचीच समजूत त्यांनी घातली असणार. अन्याय झाला हेच ज्याला ठाऊक नाही, तो तक्रार कशाची करणार?

गेल्या आठवड्यात आपण एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा १९८१ चा खटला पाहिला. पस्तिशीला निवृत्ती आणि पहिल्या गरोदरपणाला नोकरी समाप्त, हे नियम छापलेले होते. कोणी, कोणावर, कोणत्या कलमानं अन्याय केला हे सर्वांना दिसत होतं. त्या स्त्रिया नोकरीत होत्या, एकमेकींना ओळखत होत्या, एकत्र येऊन न्यायालयात जाऊ शकत होत्या. आजचा विषय अजून दाराबाहेर उभ्या असलेल्यांचा आहे. त्यांची संघटना नसते, कारण ते एकमेकांना भेटतच नाहीत. त्यांच्याकडे कागद नसतो, कारण नकाराला कारण द्यावं लागत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेण्याचं कारण म्हणजे तिथं या विषयावर साठ वर्षांपूर्वी कायदा झाला आणि तरीही दाराबाहेरचा माणूस दाराबाहेरच राहिला. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला तेव्हा त्यात वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ आलं, वय आलं नाही. वयाचा अभ्यास करून अहवाल द्या, असं कामगारमंत्र्यांना सांगण्यात आलं. विलर्ड वर्ट्झ यांचा तो अहवाल १९६५ मध्ये आला. खासगी नोकऱ्यांतल्या जवळपास निम्म्या जागा पंचावन्नच्या वरच्यांना आणि सुमारे पाव जागा पंचेचाळिसाच्या वरच्यांना बंद आहेत, असं त्यात आढळलं. त्या काळी हे उघडपणे चाले. वर्णद्वेषात असतो तसा तिरस्कार इथं दिसत नाही, असंही अहवालानं नोंदवलं. मालकांनी फक्त गृहीत धरलं होतं, की अमुक वयानंतर माणसाला जमत नाही, आणि ते खरं आहे का हे तपासायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. १५ डिसेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. संरक्षण आधी ४० ते ६५ या वयांना होतं, १९७८ मध्ये वरची मर्यादा सत्तर झाली आणि १९८६ मध्ये जवळजवळ सगळ्यांसाठी ती काढूनच टाकली.

कायदा आला तशा जाहिरातीतल्या वयाच्या अटी गेल्या. नियम मात्र पडद्यामागे जाऊन बसला. आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीचं प्रकरण पाहा. २००७ मध्ये एका एकोणपन्नास वर्षांच्या माणसानं तिथं विक्री विभागातल्या नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुढं त्यानं आणखी काही वेळा अर्ज केले, तेही वाया गेले. अर्ज चाळण्याचं काम कंपनीनं बाहेरच्या एका संस्थेला दिलं होतं आणि कसे चाळायचे याच्या लेखी सूचनाही दिल्या होत्या. कॉलेजातून बाहेर पडून दोन-तीन वर्षं झालेला उमेदवार शोधा, आठ-दहा वर्षं विक्रीत काढलेल्यापासून दूर राहा, अशा त्या सूचना. सुमारे तीन वर्षांत या पदावर १,०२४ माणसं घेतली गेली. त्यांतली चाळिशीच्या वरची होती १९.

या माणसाला हे सगळं कळलं ते दोन वर्षांहून अधिक काळानं, तेही वकिलांनी त्याच्याशी संपर्क साधला म्हणून. तो न्यायालयात गेला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठानं सांगितलं, की वरवर सर्वांना सारख्या दिसणाऱ्या पण प्रत्यक्षात वयस्करांना मारक ठरणाऱ्या अटींविरुद्ध दाद मागण्याची या कायद्यातली तरतूद नोकरीत असलेल्यांसाठी आहे, अर्जदारांसाठी नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयानं हाच अर्थ लावला. तो दावा अठ्ठावन्न वर्षांच्या एका वकिलाचा होता. जाहिरातीत अट होती, की अनुभव तीन ते सात वर्षं हवा, सातपेक्षा जास्त नको. त्याच्या गाठीशी अनुभव भरपूर होता, तोच नडला. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. पंचावन्नाव्या वर्षी कामावरून काढलेला माणूस ज्या आधारानं भांडू शकतो, तो आधार पंचावन्नाव्या वर्षी घेतलाच न गेलेल्या माणसाला या न्यायालयांनी नाकारला. मला हा अर्थ पटत नाही. नोकरी गेल्यावर माणसाला दुसरी नोकरीच शोधावी लागते, आणि नेमकं तिथंच त्याचं संरक्षण पातळ होतं.

आता चाळणी इतकी आधी लागते, की पुष्कळदा अर्जापर्यंतही गोष्ट जात नाही. २०१७ च्या अखेरीस प्रोपब्लिका आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी दाखवून दिलं, की अनेक मोठ्या कंपन्या फेसबुकवरच्या नोकरीच्या जाहिराती ठरावीक वयोगटालाच दिसतील अशा बेतानं देत होत्या. जागा निघाली हेच पन्नाशीच्या माणसाला कळत नव्हतं. २०१९ मध्ये फेसबुकनं तडजोड करून नोकरीच्या जाहिरातींसाठी वयाची निवड बंद करायचं कबूल केलं. त्याआधी, २०१७ मध्येच, इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी नोकरी शोधून देणाऱ्या काही संकेतस्थळांना पत्रं पाठवली होती. पदवीचं किंवा पहिल्या नोकरीचं वर्ष निवडायची यादी एका ठिकाणी १९८० पासूनच सुरू होत होती. म्हणजे १९७८ ला पदवी घेतलेला माणूस रकान्यावर बोट ठेवून यादी खाली-वर सरकवत राहणार, त्याचं वर्ष त्यात नाहीच. वर्ष भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

हे मूठभर कंपन्यांचं असेल, असं कुणी म्हणेल. न्यूमार्क, बर्न आणि बटन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बारा शहरांत चाळीस हजारांहून अधिक बनावट अर्ज पाठवून पाहिले. कौशल्यं तुलनेजोगी ठेवली आणि वय तीन गटांत : तिशीच्या आसपास, पन्नाशीच्या आसपास, पासष्टीच्या आसपास. कार्यालयीन सहायकाच्या कामासाठी तिशीतल्या स्त्रियांना शंभरामागे चौदाच्या वर बोलावणी आली, पन्नाशीतल्यांना दहाच्या आसपास आणि पासष्टीतल्यांना आठहून कमी. पुरुषांच्या बाबतीत पुरावा इतका ठाम निघाला नाही. वयाची झळ बायकांना जास्त बसते, असंच हे आकडे सांगतात. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पद्धत तीच, जी त्या इंग्रजीच्या शिक्षिकेनं घरी बसून वापरली : बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि वय तेवढं बदलायचं. हा भेदभाव पकडायचा खात्रीचा मार्ग जवळजवळ एवढाच आहे.

आता आपल्याकडे येऊ. तिथं वय ओळखण्यासाठी बहुधा पदवीच्या वर्षावरून हिशेब करावा लागतो, आपल्या बायोडेटात मात्र नावाखालीच जन्मतारीख असते. आपल्या संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास या कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं. वय त्या यादीत नाही. खासगी कंपनीनं निव्वळ वयामुळे अर्ज बाजूला टाकला, तर दाद मागावी असा स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. ‘वयोमर्यादा ३५’ असं जाहिरातीत छापलेलं असतं आणि ते कुणाला खटकतही नाही.

सरकारी भरतीत वयाची अट कामाच्या गरजेतून येते, असं आपण मानतो. पोलीस शिपायाच्या बाबतीत ते समजू शकतं. पण महाराष्ट्र शासनानं २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण मर्यादा ३३ वरून ३८ केली आणि मागासवर्गीयांची ३८ वरून ४३. आदल्या दिवशी चौतिशीचा उमेदवार अपात्र होता, दुसऱ्या दिवशी पात्र झाला. त्याच्या अंगी नवं काही आलं नव्हतं. आकडा माणसाच्या कुवतीवरून ठरला असता, तर तो असा हलला नसता.

खासगीत काय घडतं, ते माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडून ऐकलं. चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात खरेदी विभागात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. भोसरीतला कोणता फोर्जिंगवाला रात्री फोन केला तर सकाळी माल पोचवेल आणि कोणता आठवडाभर झुलवेल, हे त्यांना तोंडपाठ. युनिट दुसऱ्या राज्यात हललं आणि एक्कावन्नाव्या वर्षी ते मुलाखती देऊ लागले. एका ठिकाणी एचआरच्या मुलीनं अगदी अदबीनं विचारलं, “सर, तुमचे मॅनेजर बत्तीस वर्षांचे आहेत, चालेल ना तुम्हाला?” ते म्हणाले, चालेल. “आमच्याकडे उशिरापर्यंत थांबावं लागतं, सर.” चालेल. “तुमच्या आधीच्या पगाराइतकं आमचं बजेट नाही.” तेही चालेल म्हणाले. मग “कळवतो, सर” आणि पुढं काही नाही. एसएपीवर काम येतं का, पुरवठादाराशी भाव कसा ठरवता, यातलं काहीच त्यांना विचारलं गेलं नाही. “नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं हो,” ते मला म्हणाले, “महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपलो.”

कंपन्यांची बाजू मला कळते, आणि ती सगळीच खोटी नाही. वय वाढतं तसा सामूहिक आरोग्यविम्याचा हप्ता वाढतो. पगाराची अपेक्षा जास्त असते. तरुण मॅनेजरला आपल्याहून वडीलधाऱ्या माणसाला काम सांगताना अवघडल्यासारखं होतं, आणि आपल्या संस्कारात ते अधिकच होतं. पण पगाराची शंका असेल तर पगार विचारता येतो. नवं तंत्र जमेल का ही शंका असेल तर चाचणी घेता येते. थोडीच वर्षं उरली, हे कारण तर दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या पंचविशीतल्या मुलांकडे पाहून कुणी देऊच नये. ज्या शंकेचं उत्तर एका प्रश्नात मिळालं असतं, ती न विचारता माणूस बाद होतो.

यावर नोकरी शोधणाऱ्याला सल्ले भरपूर मिळतात. पदवीचं वर्ष काढून टाका, शेवटच्या पंधरा वर्षांचाच अनुभव लिहा, केसांना रंग लावा, फोटो बदला. घर चालवायचं असेल तर माणूस हे करणारच, त्याला दोष देणं क्रूरपणाचं होईल. पण पंचवीस वर्षं प्रामाणिकपणे केलेल्या कामातली दहा वर्षं लपवण्याची पाळी त्याच्यावर यावी, याची लाज भरती करणाऱ्यांना वाटायला हवी.

अर्जांची पहिली चाळणी आता माणूस करतही नाही. अमेरिकेत वर्कडे या कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा चालू आहे. या यंत्रणेतून केलेले आपले शंभराहून अधिक अर्ज नाकारले गेले, आणि एक नकार तर मध्यरात्रीनंतर, अर्ज केल्यापासून तासाभराच्या आत आला, असं वादीचं म्हणणं आहे. कंपनीला आरोप मान्य नाहीत. मे २०२५ मध्ये न्यायालयानं चाळिशीवरच्या अर्जदारांना एकत्र दावा पुढे नेण्याची प्राथमिक परवानगी दिली. अशी सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कंपन्याही वापरतात. दोन अर्जांतला फरक इथं कोणी तपासत नाही, कारण तपासायला भाग पाडणारा कायदाच नाही.

कायदा यायला वेळ लागेल, पण या लेखमालेच्या वाचकांत भरती करणारेही आहेत, म्हणून त्यांना थेट विचारतो. अर्जाच्या पहिल्या पानावरून जन्मतारीख काढायला तुम्हाला कुणाची परवानगी लागते? नेमणूक पक्की झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांसाठी ती घेता येतेच. ‘अनुभव २ ते ५ वर्षे’ यातला पाचाचा आकडा कुणी आणि कशासाठी घातला, हे शोधून पाहा. आणि गेल्या वर्षी आलेल्या अर्जांत पंचेचाळिशीवरचे किती होते, त्यांतल्या किती जणांना बोलावलं आणि किती जणांना घेतलं, हे तीन आकडे तुमच्याच संगणकात पडून आहेत. ते काढा आणि पुढच्या बैठकीत मांडा.