‘तपासून घेणे’ : गुप्तरोगांच्या चाचणीची भाषा

‘गुप्तरोग’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या विग्रहाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गुप्त इंद्रियांचा रोग हा त्याचा सरळ अर्थ. समासात ‘इंद्रिय’ हे मधले पद लोपले आणि उरलेल्या ‘गुप्त’ ह्या विशेषणाने थेट रोगालाच आपल्या पंखाखाली घेतले. त्यामुळे व्यवहारात हा शब्द ‘गुप्त ठेवावयाचा रोग’ असाच वापरला जाऊ लागला. वैद्यकाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा असा तिसरा अर्थही त्यात शोधता येतो. हे रोग पुष्कळदा खुद्द रोग्यापासूनच गुप्त राहतात. उपदंशाचे पहिले क्षत बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधावाचून भरून येते; त्यानंतर रोग वर्षानुवर्षे मूकपणे शरीरात राहू शकतो. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना कोणतेही लक्षण जाणवत नाही. पहिले गुप्तत्व शरीररचनेचे, दुसरे लोकलाजेचे आणि तिसरे रोगाच्या स्वभावाचे. चाचणीचा उपाय चालतो तो फक्त तिसऱ्यावर. परंतु चाचणीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आडवे येते ते दुसरे.

ह्या रोगांची जुनी नावे पाहिली तर त्यांतील फारच थोडी नावे रोगाचे वर्णन करण्यासाठी योजलेली दिसतात. ‘गर्मी’ हे नाव कारणाची एक कल्पना सांगते, ‘परमा’ हे संस्कृत ‘प्रमेहा’चे लोकरूप स्राव सुचविते, आणि ‘उपदंश’ हा सुश्रुतसंहितेतील शब्द मुळात जननेंद्रियाच्या व्रणयुक्त विकारांचा असून पुढे तो सिफिलिसला लावण्यात आला. सोळाव्या शतकातील भावमिश्राने मात्र आपल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात ह्या नव्या रोगाला ‘फिरंग’ म्हटले. फिरंग्यांच्या देशात तो बहुल आहे, म्हणून हे नाव. पोर्तुगीज जहाजे १४९८ मध्ये कालिकतला लागली होती, हे लक्षात घेता ह्या नामकरणात नवल नाही. इकडे युरोपात इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. रोग नेहमी शेजाऱ्याच्या दारातून आलेला असतो! अशा नावांचा एक परिणाम असा की, रोगाचे नाव उच्चारणे म्हणजे कोणावर तरी आरोप करणे ठरते. आणि स्वतःच्या बाबतीत ते उच्चारणे म्हणजे कबुलीजबाब देण्यासारखे होते. दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहिलेला मनुष्य ‘जरा रक्त तपासायचं होतं’ एवढेच पुटपुटतो, त्यामागे हा नामेतिहास आहे.

येथे क्रियापदाकडे वळावयास हवे. ‘तपासणे’ ह्या धातूभोवती मराठीत तीन रचना उभ्या राहतात. ‘डॉक्टर तिला तपासतात’ ही साधी कर्तरी रचना. ‘ती तपासली जाते’ हा कर्मणी प्रयोग. आणि ‘ती तपासून घेते’ ही संयुक्त क्रियापदाची रचना. तिसरीत ‘घेणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचे फळ कर्त्याकडे वळविते आणि क्रियेमागे कर्त्याची इच्छा आहे हेही सुचविते. ‘लिहून घेणे’, ‘समजून घेणे’, ‘आवरून घेणे’ ह्यांत हाच भाव आहे. तपासणारे हात दुसऱ्याचे असले तरी कर्तेपण तपासून घेणाऱ्याकडे राहते. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. लैंगिक रोगांच्या चाचणीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास ह्याच दोन रचनांमधील अंतर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. इंग्लंडातील १८६४ च्या कायद्याचा तो वारसदार. त्याच्या अंमलाखालील ठिकाणी वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी होई, ठराविक काळाने त्यांची सक्तीने तपासणी होई आणि रोग आढळल्यास त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या रुग्णालयात ठेवण्यात येई. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर अशी सक्ती नव्हती. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, तेव्हा ह्यांपैकी एकाही रोगाचा जंतू ठाऊक नव्हता. परम्याचा जंतू नायसरला दिसला तो १८७९ मध्ये, आणि उपदंशाचा शाउडिन व हॉफमन ह्यांना १९०५ मध्ये. म्हणजे जिला तपासणी म्हणत ती बव्हंशी नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी होती आणि तीही चुकण्याचा पुष्कळ संभव असलेली. विरोधानंतर १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्या स्त्रिया ‘तपासल्या जात’. त्यांच्या बाबतीत ‘तपासून घेत’ हा प्रयोग कोणत्याही लेखकाला करता आला नसता.

ज्याला आज चाचणी म्हणतात तिचा आरंभ १९०६ मधील वासरमान प्रतिक्रियेपासून धरावयास हरकत नाही. ह्या प्रतिक्रियेची हकीकत भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे, आणि ती सांगितली आहे लुडविक फ्लेक ह्या पोलिश वैद्यकशास्त्रज्ञाने आपल्या १९३५ च्या ग्रंथात. उपदंशात रक्त बिघडते ही समजूत जंतुशास्त्राच्या कितीतरी आधीची. त्या बिघडलेल्या रक्ताचा पुरावा हाती यावा ह्या हट्टापोटी संशोधक रक्ताची चाचणी शोधत राहिले, असे फ्लेक दाखवितो. पुढे गंमत अशी उघडकीस आली की, ती चाचणी रोगजंतूविरुद्धचे प्रतिपिंड दाखवीत नसून ऊतींमधील एका स्निग्ध द्रव्याविरुद्धचे प्रतिपिंड दाखविते. आज सर्वत्र केली जाणारी व्ही. डी. आर. एल. ही चाचणी (१९४६) तिचीच वंशज. त्यामुळे मलेरिया, कुष्ठरोग, क्वचित गर्भारपण अशा अवस्थांतही ती खोटा होकार देऊ शकते आणि म्हणून जंतुविशिष्ट दुसऱ्या चाचणीने तिचा पडताळा घ्यावा लागतो. चिन्ह आणि चिन्हित ह्यांचा संबंध येथे धुराचा अग्नीशी असावा इतकाही थेट नाही.

‘बिघडलेले रक्त’ हा शब्दप्रयोग निरुपद्रवी वाटतो. तो किती घातक ठरू शकतो हे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात दिसले. तेथे १९३२ पासून सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी येथील संस्थेच्या सहकार्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालविला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना उपदंशाचे नाव सांगण्यात आले नाही. त्या भागात पुष्कळ दुखण्यांसाठी वापरात असलेला ‘खराब रक्त’ हा लोकभाषेतील मोघम शब्द त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. पाठीच्या कण्यातील द्रव काढण्याच्या चाचणीला तर ‘खास मोफत उपचार’ असे नाव देऊन त्यांना बोलावण्यात आले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा उपदंशावरील मान्य उपचार झाला. तरीही तो त्यांना दिला गेला नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून वाच्यता झाल्यावर हा अभ्यास थांबला आणि १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. त्या पुरुषांचे रक्त चाळीस वर्षे तपासले गेले. त्यांनी स्वतः मात्र एकदाही काही तपासून घेतले नाही, कारण उत्तर त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत येऊच दिले नव्हते. लोकभाषेचा शब्द वापरला म्हणजे लोकांना समजले, ही समजूत किती भाबडी आहे, हेही ह्यावरून दिसते.

मराठीतील अहवालाची भाषा आता पाहण्यासारखी आहे. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्द मराठीने जसेच्या तसे स्वीकारले आणि २०२० च्या साथीने ते घरोघरी पोहोचविले. एरवी ‘पॉझिटिव्ह विचार’ म्हणजे चांगला विचार; अहवालात मात्र नेमके उलटे. हा घोळ मनुष्य लवकर शिकतो. खरी अडचण क्रियापदात आहे. ‘चाचणी पॉझिटिव्ह आली’ ह्या वाक्याचा कर्ता चाचणी. परंतु बोलताना हा कर्ता बदलून ‘तो पॉझिटिव्ह निघाला’ असे म्हटले जाते. ‘निघणे’ हे क्रियापद मराठीत लपलेले उघडकीस येण्याचे आहे: चोर निघाला, खोटा निघाला. (‘हुशार निघाला’ हेही होते, पण त्यात आधी कोणाला तशी अपेक्षा नव्हती हे आलेच.) रक्ताच्या एका नमुन्याविषयीचे विधान अशा रीतीने माणसाच्या चारित्र्याविषयीचे विधान होते. ‘बाधित’ हा शब्द सौम्य वाटतो खरा, परंतु ज्या भाषेत ‘बाहेरची बाधा’ आहे, तिच्यात तोही पूर्णपणे निर्मळ नाही. प्रयोगशाळा अलीकडे ‘रिअॅक्टिव्ह’ आणि ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ लिहितात. हे शब्द अनोळखी असले तरी त्यांचा एक गुण असा की ते फक्त नमुन्याविषयी बोलतात.

‘निगेटिव्ह’ शब्दाचा धोका वेगळा आहे. तो ऐकणाऱ्याला ‘रोग नाही’ असे सांगतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘ह्या चाचणीला ह्या दिवशी आढळले नाही’ एवढाच आहे. संसर्गानंतर प्रतिपिंड मोजता येण्याइतके तयार होण्यास काही आठवडे जातात. ह्या मधल्या काळास ‘विंडो पीरियड’ म्हणतात, आणि केवळ प्रतिपिंड शोधणाऱ्या एच. आय. व्ही. चाचणीसाठी तो तीन महिन्यांपर्यंत धरतात. मराठी क्रियापदाला काळ आहे, पण अहवालातील एकाकी विशेषणाला तो नाही. म्हणून ‘निगेटिव्ह’ हा निर्णय कायमचा वाटतो. उपदंशाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. जंतुविशिष्ट चाचणी उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर होकारार्थीच राहते, तर व्ही. डी. आर. एल. चे प्रमाण उपचाराबरोबर उतरते. १:३२ वरून १:८ असे चौपट उतरले की औषध लागू पडले असे वैद्य मानतो. रोगी मात्र कागदावर पुन्हा तोच शब्द पाहून हबकतो. एक चाचणी भूतकाळ बोलते आणि दुसरी वर्तमान, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘रक्त तपासायचं होतं’ ह्या आडपडद्याच्या बोलण्याचाही हिशेब द्यावा लागतो. उपदंश, एच. आय. व्ही., कावीळ ब ह्यांचा शोध रक्तातून लागतो. परमा आणि क्लॅमिडिया ह्यांचा मात्र लघवीच्या किंवा स्रावाच्या नमुन्यातून घ्यावा लागतो. ‘सगळे रक्त तपासले, काही निघाले नाही’ असे म्हणून निर्धास्त झालेल्या मनुष्याने ह्या दोन रोगांविषयी काहीच विचारलेले नसते. संकोचाने निवडलेला शब्द येथे चाचणीची निवडच बदलून टाकतो. प्रसूतिपूर्व तपासणीत उलट घडते. गर्भवतीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत व्ही. डी. आर. एल. असते आणि ते फार हिताचे आहे, कारण वेळीच दिलेल्या पेनिसिलिनने मृतजन्म किंवा अर्भकाचा जन्मजात उपदंश टाळता येतो. परंतु ह्या चार अक्षरांतील पहिली दोन ‘व्हिनीरिअल डिसीज’ ह्यांची आहेत, हे तिला ठाऊक नसते. आणि चाचणी होकारार्थी आली तर पतीचीही तपासणी व्हावयास हवी, नाही तर उपचार होऊनही तिला पुन्हा लागण होऊ शकते, हे वाक्य घरात कोणी, कोणत्या शब्दांत उच्चारावयाचे हा प्रश्न तिच्यावरच पडतो.

भारतात एच. आय. व्ही. चे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. त्यानंतर उभी राहिलेली शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रे ह्या भाषिक अडचणीवरील बऱ्यापैकी व्यवहारी तोडगा आहे. एच. आय. व्ही. व एड्स प्रतिबंधक कायदा २०१७ मध्ये संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. काही अपवाद वगळता, माहिती देऊन घेतलेल्या संमतीवाचून ही चाचणी करता येत नाही, आणि चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशन व्हावे, असे तो सांगतो. १८६८ चा कर्मणी प्रयोग कायद्यापुरता तरी ह्या एका रोगाच्या बाबतीत मागे पडला. व्यवहारात संमती म्हणजे एका छापील कागदावरची सही होऊन बसण्याचा धोका आहेच. समुपदेशकाचे काम ज्या ठिकाणी चांगले चालते, तेथे तो विशेषणे टाळून पूर्ण वाक्ये बोलतो: ‘आज घेतलेल्या रक्तात एच. आय. व्ही. चा संसर्ग आढळला नाही. गेल्या तीन महिन्यांत धोक्याचा संबंध आला असेल, तर अमुक तारखेला पुन्हा या. लघवीची तपासणी ह्यात झालेली नाही. जळजळ किंवा स्राव असेल तर ती शेजारच्या खोलीत होते.’