तिरप्या रेषेची तीन मापे

नकाशावरच्या तिरप्या रेषेला तीन मापे असतात. ती आडवी किती गेली, उभी किती चढली आणि प्रत्यक्ष तिरपी किती भरते. यांपैकी दोन कळली की तिसरे पायथागोरसच्या नियमाने निघते आणि कोनही त्यातूनच मिळतो. भिंत, खांब, तुळई यांच्या बाबतीत हा पेच नसतो; आडवे ते आडवे आणि उभे ते उभे. उताराचे माप देताना मात्र आपण तिघांपैकी कोणते लिहीत आहोत हे आधी ठरवावे लागते. संगणकावर रेखाटन करणारी कॅड प्रणाली मोजण्यात चुकत नाही. चूक होते ती नको ते माप मागण्यात, आणि ती बहुधा काम उभे राहिल्यावरच दिसते.

नवी मुंबईत असे उतार पावलोपावली भेटतात. 17 मार्च 1970 रोजी स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर पारसिकचे डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात उभे केले. डोंगरावरचे पावसाचे पाणी शहर ओलांडून खाडीला मिळते, म्हणून गटारांना ढाळ द्यावा लागतो. इमारतींना रॅम्प लागतात, डोंगरालगतच्या खोदाईला उतार द्यावा लागतो, बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधल्या घरांवर उतरती कौलारू छपरे आहेत, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत लेथवर निमुळते भाग कातले जातात. उतार सगळीकडे आहे, पण प्रत्येक ठिकाणी तो सांगण्याची रीत निराळी आहे.

ऑटोकॅडसारख्या प्रणालीत उताराचे माप देण्यासाठी मुख्यतः तीन आज्ञा वापरतात. ‘लिनिअर’ दोन बिंदूंमधले फक्त आडवे किंवा फक्त उभे अंतर देते. ‘अलाइन्ड’ची मापरेषा उताराला समांतर बसते आणि प्रत्यक्ष तिरपी लांबी देते. ‘अँग्युलर’ दोन रेषांमधला कोन देते. समजा एक रॅम्प 12 मीटर धावेत 1 मीटर चढतो. लिनिअर त्याची 12000 आणि 1000 मिलिमीटर अशी दोन मापे दाखवेल, अलाइन्ड 12042 मिलिमीटर दाखवेल आणि अँग्युलर 4.76 अंश. चारही आकडे खरे आहेत. पण रेखांकन करणाऱ्या मिस्त्रीला नकाशात फक्त 12042 दिसले आणि त्याने ते जमिनीवर आडवे टाकले, तर रॅम्पचे तोंड 42 मिलिमीटर पुढे सरकते. उलट रेलिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरने 12000 धरून पाइप कापला, तर तो तेवढाच तोकडा पडतो.

म्हणून हा आकडा वापरणार कोण, हे आधी पाहावे लागते. जमिनीवर दोरी मारणाऱ्याला आडवे अंतर हवे आणि दोन्ही टोकांच्या लेव्हल हव्यात. पाइप, वासा किंवा पत्रा कापणाऱ्याला तिरपी लांबी हवी. किती फरक पडेल हे उताराच्या तीव्रतेवर ठरते. 1:12 च्या उतारात तिरपी लांबी आडव्यापेक्षा जेमतेम 0.35 टक्के जास्त असते, 1:2 मध्ये सुमारे 12 टक्के, तर 45 अंशांत 41 टक्के. सौम्य उतारात लांबीची चूक क्षुल्लक ठरते आणि लेव्हलची चूक महागात पडते. तीव्र उतारात लांबीची चूकही तितकीच महाग पडते.

रॅम्पच्या उदाहरणात आणखी एक खाच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प 1:12 पेक्षा तीव्र नसावा. कॅडमध्ये कोनाच्या मापाला दशांशाची घरे दिली नाहीत, तर 4.76 अंशांचा हा रॅम्प नकाशावर ‘5°’ असा दिसतो. खरोखर 5 अंशांचा रॅम्प बांधला, तर तो 1:11.43 इतका तीव्र होतो. 12 मीटर धावेत तो 1 मीटरऐवजी सुमारे 1.05 मीटर चढतो आणि नियमाबाहेर जातो. रेखाटनातला उतार बरोबर असतो, छापलेला आकडा मात्र नियम मोडतो. रॅम्प कोनात न सांगता 1:12 असा गुणोत्तरात सांगायचा तो यासाठी. सोबत दोन टोकांच्या लेव्हल आणि चढ कोणत्या दिशेला हे दाखवणारा बाण असला, की शंकेला जागा उरत नाही.

गटारात तर कोनाला अर्थच राहत नाही. नवी मुंबईचा किनाऱ्याकडचा भाग सखल आहे, त्यामुळे पावसाचे पाणी साठवण्यासाठी धारण तलाव बांधले गेले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत शिरू नये म्हणून झडपा बंद होतात, तेवढा वेळ पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला बाहेर पडते. अशा सखल जागी गटाराला फार ढाळ देता येत नाही. उदाहरणादाखल 1:1000 चा ढाळ घेतला, तर 600 मीटरमध्ये तळ फक्त 600 मिलिमीटर उतरतो. त्याचा कोन 0.057 अंश, म्हणजे कॅडच्या साध्या मापात शून्य. तिरपी लांबी आडव्यापेक्षा अर्धा मिलिमीटरही जास्त भरत नाही. इथे महत्त्वाचे माप एकच, प्रत्येक चेंबरपाशी गटाराच्या आतल्या तळाची लेव्हल, म्हणजे इन्व्हर्ट लेव्हल. दोन चेंबरांमधले आडवे अंतर, दोन इन्व्हर्ट लेव्हल आणि पाण्याच्या दिशेचा बाण एवढ्यावर गटार बांधता येते. नवशिक्या ड्राफ्ट्समनने इथे एक लक्षात ठेवावे: गटारात बाण खाली, पाणी वाहते त्या दिशेला, जिन्यात आणि रॅम्पमध्ये तो वर, चढाच्या दिशेला.

गटार, रस्ता आणि पाइपलाइन यांच्या लांब छेदात आणखी एक सापळा असतो. हे छेद बहुधा दोन वेगवेगळ्या प्रमाणांत काढतात. आडवे 1:1000 आणि उभे 1:100 घेतले, की उतार दहापट तीव्र दिसतो आणि डोळ्याला वाचता येतो. पण त्या चित्रावर अलाइन्ड किंवा अँग्युलर माप टाकले, तर आकडा निरर्थक येतो. प्रत्यक्ष 1:100 चा उतार चित्रात 1:10 दिसतो, म्हणून कोन 0.57 अंशांऐवजी 5.71 अंश निघतो. अशा छेदावर चित्रातून काहीही मोजायचे नाही. लेव्हल आणि अंतरे खालच्या तक्त्यात लिहायची आणि उतार त्यांवरून काढायचा.

विमानतळाच्या धावपट्टीचा उतार टक्क्यांत सांगतात. सुमारे 90 मीटर उंचीची उलवे टेकडी सपाट करून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. त्याची पहिली धावपट्टी 3700 मीटर लांब आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार एवढ्या मोठ्या धावपट्टीचा लांबीतला सरासरी उतार 1 टक्क्यापेक्षा जास्त नसावा. तो मोजतात मध्यरेषेवरच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल बिंदूंतला फरक भागिले लांबी असा. आडव्या दिशेचा उतार साधारण 1 ते 1.5 टक्क्यांत ठेवतात, म्हणजे पाणी साचत नाही. मध्यरेषेपासून 30 मीटरवर 1.5 टक्के उतारात कड 450 मिलिमीटर खाली येते. हाच उतार कुणी पूर्णांकात ‘1°’ लिहिला, तर कड सुमारे 524 मिलिमीटर खाली जाईल. एका गोलाईत 74 मिलिमीटरचा फरक पडला.

छपरात तिरप्या लांबीला महत्त्व येते. आर्टिस्ट्स व्हिलेज ही चार्ल्स कोरिया यांची 1983 ते 1986 या काळातली रचना; त्याआधी 1970 ते 1974 या काळात ते सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. अशा कौलारू छपराचा नकाशा वरून पाहिला, तर प्रत्येक पाखे आडवे दबलेले दिसते. 30 अंशांच्या पाख्याची आडवी रुंदी 3 मीटर असेल, तर वाशाची खरी लांबी 3.46 मीटर असते. नकाशातल्या क्षेत्रफळावरून कौले मागवली, तर तेवढ्याच हिशेबाने ती सुमारे 13 टक्के कमी पडतात. वाशाची खरी लांबी छेदातच मिळते, आणि माप तिथेच टाकावे. छेदरेषा उताराच्या दिशेने घेतलेली असली पाहिजे. ती तिरकी घेतली, तर छेदातली लांबीही फसवते.

जाडीच्या बाबतीत हीच चूक धोक्याची ठरते. जिन्याखालच्या तिरप्या स्लॅबची जाडी उताराला काटकोनात मोजतात. पायरी 150 मिलिमीटर उंच आणि 300 रुंद असेल, तर उतार 1:2 होतो. 150 मिलिमीटर जाडीचा स्लॅब उभ्या रेषेत मोजला, तर 168 भरतो. ड्राफ्ट्समनने लिनिअर वापरून 150 हा आकडा उभा टाकला, तर प्रत्यक्ष जाडी 134 मिलिमीटरवर येते आणि स्लॅब दहा टक्क्यांहून जास्त पातळ होतो. असे माप घेताना ‘पर्पेंडिक्युलर’ स्नॅप लावून अलाइन्ड वापरावे, किंवा लिनिअरमधला ‘रोटेटेड’ पर्याय उताराला काटकोनात लावावा.

यंत्रभागांत गुणोत्तर व्यासाचे असते, हे विसरले की घोळ होतो. 1:20 चा टेपर म्हणजे 20 मिलिमीटर लांबीत व्यास 1 मिलिमीटरने घटतो. प्रत्येक बाजू मात्र अर्धाच मिलिमीटर आत येते. लेथवर कंपाउंड स्लाइड अर्ध्या कोनाला लावतात, म्हणजे 1.43 अंशांना, पूर्ण कोन 2.86 अंश असतो. नकाशात दोन व्यास आणि लांबी द्यावी. कोन लिहायचाच तर तो अर्धा की पूर्ण हे स्पष्ट लिहावे.

मातीकामात गुणोत्तराचा क्रमही फिरतो. रॅम्पमध्ये 1:12 म्हणजे आधी चढ, मग धाव. भरावाच्या उतारात 2:1 म्हणजे बहुधा आधी धाव, मग चढ. म्हणून उताराजवळ छोटा काटकोन त्रिकोण काढून दोन्ही बाजूंवर आकडे लिहिण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत सुरक्षित आहे. टोटल स्टेशनने केलेला सर्व्हे कॅडमध्ये आणला, की बिंदूंना उंचीही असते. तेव्हा ‘डिस्ट’ आज्ञा खरे त्रिमितीय अंतर देते, तर मापरेषा चालू प्रतलावरचे अंतर दाखवते. दोन आकडे जुळले नाहीत, तर आधी बिंदूंची उंची तपासावी.

शेवटी शिस्त. एकाच उताराची चारही मापे लिहिली, तर कुठेतरी एक गोलाई दुसरीशी भांडते. म्हणून ठरवणारी दोन मापे उघडी लिहावीत आणि बाकीची संदर्भासाठी कंसात. मापाचा आकडा हाताने कधीही बदलू नये. रेषा बदलावी, आकडा आपोआप बदलतो. बांधकामाच्या उतारासाठी आडवे अंतर आणि दोन लेव्हल ही मुख्य मापे, गुणोत्तर वाचण्यासाठी, तिरपी लांबी कापणाऱ्यासाठी आणि जाडी नेहमी काटकोनात. कोन मात्र ज्याच्या हातात कोन लावायचे यंत्र आहे, त्याच्यासाठीच लिहावा.