लोखंड स्वस्त, साचा महाग

दुसऱ्या महायुद्धातील जीप मूळ रूपात आणू पाहणाऱ्यास एखाद्या लहानशा पोलादी भागाची किंमत ऐकून धक्काच बसतो. धातू जेमतेम काही शे रुपयांचा, मागणी मात्र हजारांची. ही लूट तर नव्हे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या किमतीचे गणित धातूच्या वजनावर ठरत नाही. ते ठरते नगांच्या संख्येवर.

याचे उत्तम उदाहरण जीपच्या दर्शनी जाळीतच सापडते. विलीज कंपनीच्या सुरुवातीच्या सुमारे २५ हजार जीपची जाळी पोलादी पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली असे. फोर्डने पत्र्यातून प्रेसवर दाबून काढलेली जाळी आणली आणि १९४२मध्ये विलीजनेही ती स्वीकारली. दोन्ही कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. एवढ्या संख्येत डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च नगामागे नगण्य ठरला. आज एकच जाळी हवी असेल, तर हिशेब उलटतो. पट्ट्यांची जाळी कुशल वेल्डर हाताने करू शकतो. काटकसरीसाठी आलेल्या दुसऱ्या जाळीस मात्र आधी डाय लागते.

समजा, डायसाठी दोन लाख रुपये आणि प्रत्येक नगाच्या धातू-मजुरीस ५०० रुपये लागतात. दहा नग काढल्यास एक नग २०,५०० रुपयांस पडेल, शंभर काढल्यास २,५०० रुपयांस आणि हजार काढल्यास अवघ्या ७०० रुपयांस. दुर्मीळ वाहनाच्या भागास हजार गिऱ्हाइके मिळणार कोठून?

ओतीव भागांची अडचण निराळी. जुना भागच नमुना म्हणून वाळूत दाबला, तर नवा भाग लहान येतो. कारण ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. ३०० मिलिमीटरचा भाग तीन मिलिमीटरने आखूड पडतो. म्हणून तेवढा मोठा पॅटर्न स्वतंत्रपणे करावा लागतो. त्रिमितीय स्कॅनिंग आणि छपाईमुळे हा खर्च आता घटला आहे. यंत्रकाम, जुळवणी आणि तपासणी यांचा खर्च मात्र टळत नाही.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्यातील वाहने पुढे अनेक दशके बनत राहिली. म्हणून सगळेच भाग जुळतील, असे मानणे चुकीचे ठरेल. उदाहरणार्थ, ‘सीजे-३बी’चे इंजिन अधिक उंच असल्याने तिचे बॉनेटही उंच आहे. ते युद्धकालीन जीपवर शोभत नाही आणि बसतही नाही.

मग खर्च आटोक्यात ठेवावा कसा? गंजलेला भाग फेकण्यापूर्वी त्यावर ठिगळ लावता येईल का, हे पाहावे. नवाच करणे भाग असेल, तर तीच जीप बाळगणाऱ्या पाच-दहा जणांनी एकत्र येऊन मागणी नोंदवावी. काटकसर मात्र स्टिअरिंग आणि ब्रेक यांवर कधीही करू नये. मूळचा घडीव भाग ओतून केल्यास तो दिसायला हुबेहूब दिसेल, पण ताण आल्यास तुटू शकेल. जाळीतील उणीव फक्त डोळ्यांना खटकते. स्टिअरिंगमधील उणीव जिवावर बेतते.