संथ खेळाचे भाडे कोणी भरावे?

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले, तेव्हा हा खेळ बहुतांशी जिमखान्यांच्या दालनांत बंदिस्त होता. आज पिंपरी-चिंचवडमध्ये पाळी संपवून आलेला तरुण कामगारही तासाचे भाडे मोजून स्नूकर खेळतो. भाडे हरणाऱ्याने भरावयाचे, असा रिवाज अनेक ठिकाणी आहे. परिणामी, संथ खेळून जिंकणारा आपल्या दिरंगाईचा खर्च दुसऱ्यावर लादतो. फ्रेमगणिक भाडे आकारल्यास तोच भार चालकावर आणि ताटकळणाऱ्यांवर पडेल. तेव्हा उपाय घड्याळाचाच.

२०११ पासून भरणाऱ्या ‘स्नूकर शूट आउट’ स्पर्धेत फ्रेम १० मिनिटांची असते. पहिली ५ मिनिटे प्रत्येक फटक्यास १५ सेकंद, पुढे १०. एवढी घाई येथे नको. मर्यादा मात्र हवी.

परंतु दोष केवळ खेळाडूंचा नव्हे. वाकड्या, टिप झिजलेल्या क्यूने नेम चुकतो, चेंडू पॉकेटात जात नाहीत, फ्रेम लांबते; आणि त्या वेळेचे भाडेही ग्राहकाकडूनच वसूल होते. घड्याळ लावणाऱ्या चालकाने आधी क्यू सरळ ठेवावेत. श्रमिकाचा फुरसतीचा तास त्याच्या कामाच्या तासाइतकाच मोलाचा आहे.