हिंगोलीकडे भांडवल कशाने येईल?

भांडवल येते ते त्या मुलखाची जमीन, पाणी आणि वाटा पाहून. आखाती देशांत तेल निघाले, तिकडे जगाचा पैसा धावला. सिंगापूरजवळ तेल नाही, शेतीही नाही. पण जहाजांच्या वाटेवरचे बंदर होते, त्यावर ते श्रीमंत झाले. मग आमच्या हिंगोलीजवळ काय आहे?

१९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मागास म्हणून ओळखला जातो. परंतु निसर्गाने त्याला रिकाम्या हाताने ठेवलेले नाही. काळी जमीन आहे. पूर्णा, कयाधू, पैनगंगा या नद्या आहेत. अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग जिल्ह्यातून जातो. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रयोगशाळेसाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. जागा निवडताना सपाट जमीन आणि गोंगाटापासून दूरचा शांत परिसर पाहिला गेला. ‘येथे काहीच नाही’ म्हणून आम्ही जे हिणवत होतो, तेच कामी आले.

तरी लहान व्यापाऱ्याची खरी दौलत हळद आहे. ओली हळद शिजवून वाळवली की वजन साधारण पाचवा हिस्सा उरते. ओला माल दूर नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे! म्हणून शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे शेताजवळच होते. पण वाळलेले हळकुंड कोठेही नेता येते. दळण आणि पाकीटबंदी बाहेर झाली, तर नफाही बाहेर जातो.

येथेच आमच्या बंधूंना वाव आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्यानुसार शेतमालाच्या बाबतीत ‘उत्पादक’ या शब्दात प्रक्रिया व पाकीटबंदी करणाराही येतो. म्हणजे त्यालाही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचा अर्ज करता येतो. नोंदणीशिवाय मात्र ते नाव पाकिटावर छापू नये. गिरणीवाला, वेल्डर, फिटर यांनाही काम आहे: हळद शिजवण्याचे बॉयलर, पॉलिशचे ढोल बनवणे आणि ऐन हंगामात त्यांची दुरुस्ती करणे.

एकट्याला गिरणी झेपत नसेल तर चौघांनी भागीदारी करावी, हिशेब लेखी ठेवावा, मालात भेसळ करू नये. जमिनीने आपले काम केले आहे. बाहेरच्या भांडवलाची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिला रुपया आपणच घालावा, असे आम्हांस वाटते.