एक गिटार असताना दुसरी कशाला?

"घरात एक गिटार आहे ना? मग तसलीच आणखी एक कशाला?" यजमानांनी किंवा चिरंजीवांनी दुसऱ्या सेमी-हॉलो गिटारचा विषय काढला की पहिला प्रश्न हाच तोंडी येतो. प्रश्न काही चुकीचा नाही. पण कपाटात पैठणी असताना आपण नारायणपेठ घेतो, तेव्हा काय म्हणतो आठवा बरं! "अहो, ती वेगळी, ही वेगळी." गिटारचंही तसंच आहे. कधी ती खरोखर वेगळी असते, तर कधी नुसता रंग बदललेली तीच साडी असते. हा फरक तुम्हांला ओळखता आला, तर निम्मा वाद तिथंच मिटेल. तुमच्या घरी हट्ट धरणारी मुलगी असेल, किंवा गिटार वाजवणाऱ्या तुम्ही स्वतःच असाल, तरी हिशेब हाच.

सेमी-हॉलो म्हणजे काय?

साधी गिटार आतून पोकळ असते. तंबोऱ्याचा भोपळा जसा आवाज घुमवतो, तसंच तिचं पोट घुमवतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांच्या खाली चुंबक आणि त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. यांना पिकअप म्हणतात. तारेचं कंपन ते विजेत बदलतात आणि अँप्लिफायर ते मोठं करून ऐकवतो. मात्र पोकळ गिटार अँप्लिफायरजवळ मोठ्यानं वाजवली, की ती कर्कश ओरडू लागते. गणपतीच्या मांडवात माईक कर्ण्यासमोर गेला की शिट्टी वाजते ना, तोच हा प्रकार. गिटार भरीव लाकडाची केली तर ओरडणं थांबतं, पण आवाजातला गोड घुमाराही कमी होतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी गिब्सन कंपनीनं १९५८ साली यावर मधला मार्ग काढला. त्यांच्या ईएस-३३५ या गिटारच्या पोटात मधोमध मेपल लाकडाचा ठोकळा बसवला आणि दोन्ही बाजू पोकळ ठेवल्या. वरच्या फळीला इंग्रजी 'एफ' अक्षराच्या वळणाची दोन भोकं असतात, त्यावरून ती चटकन ओळखू येते. आज मिळणाऱ्या बहुतेक सेमी-हॉलो गिटारी याच वळणाच्या आहेत.

वेगळी की तीच?

आता पहिला प्रश्न विचारा: "नवीचा मधला भाग कसा आहे?" एपिफोनची कॅसिनो दिसायला ३३५ची सख्खी बहीण, पण तिच्यात मधला ठोकळा नाहीच. ती पूर्ण पोकळ. बीटल्सच्या जॉन लेननच्या हातात १९६९च्या गच्चीवरच्या कार्यक्रमात कॅसिनोच होती. फेंडरनं १९६८ साली आणलेली टेलिकास्टर थिनलाइन याच्या उलट. तिचं भरीव अंग आतून कोरून थोडं पोकळ केलेलं असतं. तिची वाजणारी तार गिब्सनपेक्षा पाऊण इंच लांब, म्हणून बोटांना जरा ताठ लागते.

दुसरा प्रश्न पिकअपचा. एकाच वेटोळ्याचं पिकअप ट्यूबलाइट किंवा दिव्याच्या डिमरजवळ गुणगुणतं. ३३५ला दोन वेटोळ्यांचं हंबकर असतं. एकाची गुणगुण दुसरं मारून टाकतं. घरात ३३५सारखी असेल आणि मागणी कॅसिनोची असेल, तर "वेगळी आहे" हे म्हणणं खरं धरायला हरकत नाही. मात्र पोट तेच, पिकअप तेच आणि फक्त लालऐवजी पिवळसर तपकिरी रंग असेल, तर ती हौस आहे. हौस करू नये असं नाही, पण तिला गरज म्हणू नये!

आधी जुनीकडे बघा

पुष्कळदा नवीची ओढ जुनीच्या दुखण्यातून येते. तारा गंजलेल्या असतात, मानेला बाक आलेला असतो, सूर वरच्या घरांत बिघडतो. मानेच्या आत लोखंडी सळई असते. ती जाणत्या कारागिराकडून नीट फिरवून घेतली, तारांची उंची बसवून घेतली, की जुनीच गिटार नव्यासारखी हाताला लागते. हा खर्च नव्या गिटारच्या मानानं अगदी किरकोळ. तो आधी करून एक-दोन महिने वाजवू द्या. मग ओढ उरली तर ती खरी.

एकानं भागतं का, याला मोठ्या वादकांनी दोन्ही उत्तरं दिली आहेत. लॅरी कार्लटन १९६९ सालच्या एकाच ३३५वर इतकं वाजवत राहिला, की त्याला लोक 'मिस्टर ३३५' म्हणू लागले. बी. बी. किंगकडे मात्र पुष्कळ गिटारी झाल्या आणि प्रत्येकीचं नाव एकच, 'ल्युसिल'. त्यामागची हकीकत तो स्वतः सांगत असे. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी नाचाच्या हॉलमध्ये दोघांची एका बाईवरून मारामारी झाली, रॉकेलची शेगडी कलंडली आणि आग लागली. किंग बाहेर पळाला आणि गिटारसाठी पुन्हा आत शिरला! त्या बाईचं नाव ल्युसिल. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यानं गिटारला तिचं नाव दिलं. पुढं १९८०च्या सुमारास गिब्सननं त्याच्यासाठी जी ल्युसिल बनवली, तिला शिट्टी वाजू नये म्हणून 'एफ'ची भोकंच ठेवली नव्हती.

किमतीपलीकडचा खर्च

अमेरिकी गिब्सन नवी घेतली तर लाखांत जाते. एपिफोन ही १९५७पासून गिब्सनच्याच मालकीची आहे आणि तिच्या नावानं मिळणारी त्याच धर्तीची गिटार बरीच स्वस्त पडते. पण दुकानातल्या चिठ्ठीवर थांबू नका. कडक पेटी, तारांचे संच, वर्षाची देखभाल हे सगळं एका कागदावर मांडा. पोटातली वायर किंवा बटण बिघडलं, तर तो भाग दोऱ्याला बांधून त्या 'एफ'च्या भोकातून आतबाहेर करावा लागतो. किचकट काम, त्यामुळे मजुरी जास्त. घेताना सगळी बटणं फिरवून पाहायला सांगा.

जागेचाही विचार हवा. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे हवा ओलसर, तर विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात अगदी कोरडी. लाकूड दोन्हींत हलतं. माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला ती ठेवू नका. या गिटारीचं डोकं मागे कललेलं असतं आणि उभी असताना पडली तर मान नेमकी तिथंच मोडते. झाडताना केरसुणीचा धक्का लागेल अशा जागी स्टँड नको, पेटीच बरी. पुसायला मऊ कोरडा फडका घ्या. बोटांखालची काळसर पट्टी बहुधा शिसवीची असते, आपल्या जुन्या पाटांच्या लाकडाची. पण म्हणून तिला खोबरेल चोळू नका!

निर्णय कसा घ्यावा?

१. मित्राची किंवा दुकानातली तशीच गिटार वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, शेजारी घरची वाजवा. डोळे मिटून ऐकल्यावर फरक कळला नाही, तर विषय तिथंच संपला.

२. "नवी आली तर जुनी विकायची का?" असं विचारा. जुनी विकवत नसेल तर ती कधी वाजणार, हेही विचारा.

३. हप्त्यावर घेऊ नका. बँकेत वर्षाची आवर्ती ठेव उघडा. वर्षानंतरही मन तिथंच असेल, तर पैसे तयार असतील.

आणि आता जरा आपल्याबद्दल. बऱ्याच घरांत त्यांचं गिटार घेणं हा 'छंद' असतो आणि बाईनं शिवणाचं यंत्र बदललं किंवा गाण्याचा क्लास लावला की तो 'खर्च' होतो. खरी सल तिथं असते आणि राग मात्र बिचाऱ्या गिटारवर निघतो. म्हणून घरखर्च, मुलांचं शिक्षण, अडीनडीचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरतं, त्याचे दोघांच्या नावानं सारखे दोन डबे करा. तुम्ही मिळवत्या असा वा नसा, डबे सारखेच! त्यांच्या डब्यातून दुसरी काय, तिसरी गिटार आली तरी तुम्ही "कशाला?" म्हणू नका. मात्र तुमच्या डब्यातल्या पैशांबद्दल तुम्हांलाही कोणी "कशाला?" म्हणणार नाही, हे आधी दोघांनी बसून ठरवून घ्या. गिटारचा विषय निघालाच आहे, तर हे बोलायला याहून चांगली वेळ कोणती?